सकाळपुरता बरोबर

३ फेब्रुवारी, सोमवार

चारशे बारा!

काल चारशे अकरा होते. हे मी रोज पाहते हे लेकीला कळता कामा नये — ती सारखी फोन बघते म्हणून मी तिला एवढं बोलते. पण आज पाहायला निमित्त होतं. प्राध्यापकपदाचा अर्ज हातात पडलाय. शेवटची तारीख अठ्ठावीस. रकाना सहा : ‘आपला सर्वाधिक प्रभावी शोधनिबंध व त्याची सायटेशन.’ जागा एका ओळीची.

बोटांचाच निबंध लिहिणार, दुसरा कुठला? अकरा वर्षं झाली त्याला. नंतर सव्वीस लिहिले, पण लोकांना आठवतात ती माझी तीन बोटं. यांत्रिक हाताची, सिलिकॉनची. त्या बोटांची पकड मोजून मी एक आकडा काढला होता — ०.८७. कुणी नवा हात बांधायला घेतला की माझा आकडा उचलतो आणि निबंधाच्या शेवटी माझं नाव टाकतो. झालं एक सायटेशन.

नवरा दातांचा डॉक्टर. म्हणाला, “तुमचं बरंय. आमच्याकडे दात नीट बसला तर कोणी नाव काढत नाही. नाही बसला तर मात्र गल्लीभर सायटेशन!”

४ फेब्रुवारी

चारशे बारा. (पाहिलं. प्रामाणिकपणे लिहून ठेवते.)

६ फेब्रुवारी, गुरुवार

रकाना सहाच्या खाली बारीक अक्षरं आहेत, आज चष्मा लावल्यावर दिसली. ‘लेखकाने स्वतःच स्वतःला दिलेली वगळून.’ मोजली. एकतीस! एकतीस वेळा मी स्वतःची पाठ स्वतःच थोपटली आहे. पाठीपर्यंत हात पोचतो कसा, हाही एक संशोधनाचा विषय.

उरले तीनशे एक्क्याऐंशी. आता आकडा लिहायचाच तर तो कशाचा आहे ते कळायला हवं. एकेक निबंध उघडून माझं नाव कुठे आणि कशासाठी आलंय ते बघायचं ठरवलं. कुणी सांगितलेलं नाही. ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, तांदूळ निवडायला हिच्याकडे दिले तर जेवण संध्याकाळी.

रोज पन्नास-साठ होतील.

८ फेब्रुवारी, शनिवार

गंमत. माझा निबंध नियतकालिकात पान २१४ वर सुरू होतो. कुणीतरी एकानं चुकून २४१ लिहिलं. त्यानंतर तेच २४१ आतापर्यंत अठरा निबंधांत सापडलं. म्हणजे या अठरा जणांनी माझा निबंध उघडलेलाच नाही, एकमेकांच्या याद्या उतरवल्या. परीक्षेत पुढच्याची उत्तरं उतरवताना त्याचा बैठक क्रमांकही उतरवावा, तसं!

लेकीला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “पण आई, ते अठरापण तू मोजतेसच ना?”

मोजते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संपले. वहीत हिशेब असा पडला : दोनशे शेहेचाळीस जणांनी मला पहिल्या परिच्छेदात गर्दीत उभं केलंय — लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत असतात तशी. एकशे चौतीस जणांनी ०.८७ उचलला, आणि त्यावर पुढचं गणित बांधलं. २४१ पानवाले एकूण सत्तावन्न.

आणि एकानं — एकीनं — माझा प्रयोग स्वतः करून पाहिला.

एकच. तीनशे एक्क्याऐंशीत.

नऊ वर्षांपूर्वीचा, चार पानांचा लहानसा निबंध. कुठल्याशा परिषदेत वाचलेला. तिसऱ्या पानावर तळटीप आहे : ‘दुपारनंतर बोटांची पकड जवळपास निम्म्यावर येते. मूळ निबंधातला निकाल आम्हाला मिळाला नाही. दोष आमच्या जुळणीत असावा.’

दोष आमच्या जुळणीत असावा. असंच काहीसं कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं. घरी येऊन जेवून जुना पत्रव्यवहार उघडला. सापडलं. वाचलं नव्हतं, लिहिलं होतं. मीच.

तिचं पत्र सविस्तर, दीड पानी. ‘आदरणीय मॅडम, सकाळी सगळं आपल्या निबंधाप्रमाणे येतं, दुपारी हातातून पेला सुटतो. बोटांबाबत लिहायचं राहून गेलेलं असं काही आहे का?’

माझं उत्तर दोन ओळी. ‘आमचे दहाही दिवसांचे निकाल एकसारखे आहेत. कृपया आपली जुळणी तपासावी.’

ते उत्तर लिहून मला बरं वाटलं होतं, हेही आठवतंय. नेमकं, थोडक्यात, वेळ न दवडता. नवी नवी नोकरी होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जुना हात कपाटातून काढला. सहज. बघावं म्हणून.

मिस्त्री शेजारी पेच पिळत बसले होते. आमच्या प्रयोगशाळेची सगळी हत्यारं, यंत्रं त्यांच्या ताब्यात. मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हापासून त्यांना मिस्त्रीच म्हणतात सगळे. मे अखेर निवृत्त होतायत. मी हात टेबलावर ठेवला तर ते उठले, खिशातून फडकं काढलं, त्यावर स्पिरिट ओतलं आणि तिन्ही बोटं एकेक करून पुसायला लागले. बाळाची पुसावीत तशी.

“काय करताय?”

“पुसतोय.”

“ते दिसतंय. का?”

“हत्यार हातात घ्यायचं म्हणजे आधी पुसायचं. तेव्हाही पुसायचोच की. तुम्ही नऊला यायचात, मी साडेआठला.”

“रोज?”

“रोज म्हणजे काय, रोजच!”

“मिस्त्री, मला कधी सांगितलं नाहीत!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडी आहे. “केर काढला हे सांगत फिरतं का कोणी, ताई?”

मी खाली बसले. स्टुलावर. कारण दुसरी गोष्ट आपोआप आठवली — पकड मोजायचं यंत्र शेजारच्या विभागाचं होतं. अकराला ते त्यांच्याकडे परत जायचं. म्हणजे माझी सगळी मापं नऊ ते अकराची. दहाही दिवस. पुसलेल्या, स्वच्छ, ताज्या बोटांची.

दुपार मी कधी मोजलीच नाही.

१४ फेब्रुवारी

चारशे तेरा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून घेतली. मिस्त्री आपणहून आले, डबा घेऊन. आता मोजयंत्र आमचं स्वतःचं आहे, कुणाला परत द्यायचं नाही. हाताला दिवसभर काम लावलं — पेला उचल, ठेव. किल्ल्या उचल, ठेव. दात घासायचा ब्रश उचल, ठेव. (ब्रश नवऱ्याच्या दवाखान्यातला. फुकट वाटायला आलेला.)

सकाळी नऊ, पुसून : ०.८७. अकरा वर्षांनी तोच आकडा, दुसऱ्या दशांशापर्यंत! मी टाळीच वाजवली.

अकरा वाजता ०.८१. दोनला ०.५८. पाचला ०.४४. पेला दोनदा पडला, तिसऱ्यांदा मिस्त्रींनी झेलला.

मग त्यांनी फडकं मारलं. ०.८६.

निम्मी पकड धुळीनं खाल्ली आहे. आणि आमच्या तेलकट हातांनी — आपणच ती बोटं दिवसभर चाचपत असतो.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण संध्याकाळी घरी जाताना. दिवसभर मात्र मी इतकी मजेत होते! कित्येक वर्षांत स्वतःच्या हातानं काही मोजलं नव्हतं. नुसती मोजलेल्याची मोजणी चालली होती. मिस्त्री आकडा ओरडणार, मी लिहिणार. दोघं एका डब्यात जेवलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरांकडे गेले. सर माझे मार्गदर्शक. त्या निबंधावर माझ्यानंतर दुसरं नाव त्यांचं. आज विभागप्रमुखही तेच. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चूक नाही ही. तपशील राहिला.”

“तो तपशील म्हणजे निम्मी पकड आहे, सर.”

“दुरुस्ती पाठवायची तर पाठव ना! नाही कोण म्हणतंय? मुलाखत होऊ दे. एप्रिलमध्ये पाठव. अकरा वर्षं थांबलं, दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय? कोण बघतंय?”

खरं सांगायचं तर हेच मी जिना चढताना स्वतःला सांगत होते. शब्दसुद्धा हेच. सरांच्या तोंडून आले म्हणून तेवढे वाईट दिसले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज भरला. रकाना सहा : तीनशे एक्क्याऐंशी. (नवं एक आलंय, ते उघडून पाहिलेलं नाही, म्हणून धरलं नाही.) पुढे काही लिहिलं नाही. खणात ठेवला.

२० फेब्रुवारी

खणातच आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाली, “तू चार दिवस मीठ विसरतेयस. काय झालंय?” सांगितलं.

“म्हणजे तू खोटं लिहिलंस?”

“नाही गं. मोजलं ते खरंच होतं.”

“मग अर्धवट लिहिलंस.”

“मला माहीतच नव्हतं मिस्त्री पुसतात म्हणून!”

“हो का? मी ‘माहीत नव्हतं’ म्हटलं की तू काय म्हणतेस? — विचारायचं होतंस!”

नवरा भाजी वाढता वाढता थांबला. मला वाटलं माझी बाजू घेईल. म्हणाला, “कवळी सकाळीच बसते, दुपारी नाही, असं कोणी मला सांगायला आलं असतं, तर मी काय म्हटलं असतं माहितेय? तुमचा जबडा तपासा.” आणि हसला मेला.

लेकीनं मग विचारलं, “त्या दुपारवाल्या बाईचं पुढं काय झालं?”

माहीत नाही. विचारायचं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिचं नाव सगळीकडे शोधलं. त्या चार पानांनंतर एकही निबंध नाही. त्या निबंधाला सायटेशन — शून्य.

जुन्या ई-मेल पत्त्यावर पत्र टाकलं. लगेच परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खणातला अर्ज काढला. रकाना सहाच्या एका ओळीत बारीक अक्षरात बसवलं : ‘तीनशे एक्क्याऐंशी. मात्र यातला मुख्य आकडा फक्त नुकत्याच पुसलेल्या बोटांना लागू आहे. दुरुस्ती पाठवत आहे.’ दुरुस्तीही लिहून काढली. दीड पान, एक तक्ता. आणि तिच्या तळटिपेचा उल्लेख — पान ३, असा. पान उघडून, दोनदा पाहून लिहिलं.

सही घ्यायला सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि एकदम हसायला लागले. “म्हणजे अकरा वर्षं जगभर मिस्त्रीच्या फडक्याला दाद मिळतेय!” हसता हसता सही केली. जाताना मात्र म्हणाले, “हट्टी आहेस. तेव्हाही होतीस.” ही शाबासकी होती असं मी धरून चालते.

लेखकांत तिसरं नाव मिस्त्रींचं घातलंय. मूळ निबंधाच्या आभारात यंत्र देणाऱ्या विभागाचं नाव आहे, मिस्त्रींचं नाही, हे आज दिसलं.

२५ फेब्रुवारी

मिस्त्री : “माझं नाव कशाला? मी काय केलं?”

“पुसलंत.”

“फडकंसुद्धा माझं नव्हतं, ताई. संस्थेचं.”

पण दुपारी दोनदा येऊन विचारून गेले, नाव पूर्ण छापतात की आद्याक्षरं.

२० मार्च, गुरुवार

मुलाखत. लांबलचक टेबल, पाच जण, पाच पाण्याच्या बाटल्या. मधल्या गृहस्थांनी अर्जावर बोट ठेवलं.

“म्हणजे तुमचा सगळ्यात गाजलेला निबंध चुकीचा आहे?”

“नाही. सकाळपुरता बरोबर आहे.”

कडेच्या बाई खुदकन हसल्या. गृहस्थ हसले नाहीत. मग मला तक्ता दाखवायला सांगितला, आणि वीस मिनिटं फक्त बोटांबद्दल विचारत राहिले — धूळ कुठली, तेल किती, ओल्या फडक्यानं चालतं का. मी काय काय बोलले आठवत नाही. खूप हात हलवले बहुतेक. बाहेर आले तर तहान लागली होती आणि बाटली आतच राहिली होती.

७ एप्रिल, सोमवार

पत्र आलं. ‘दुरुस्तीचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर, पुढील वर्षीच्या फेरीत आपला विचार करण्यात येईल.’

म्हणजे नाही. पण कायमचं नाही नाही.

वाईट वाटलं का? अर्धा तास. लपवत नाही. खिडकीशी उभी राहून समोरच्या इमारतीचा रंगारी बघत बसले. तो रंग द्यायच्या आधी भिंत खरवडत होता. खरवडायलाच त्याला सकाळ पुरली नाही.

नवऱ्यानं दवाखाना लवकर बंद केला. तिघं बाहेर जेवलो. लेक म्हणाली, “पुढच्या वर्षी मी तुझा फॉर्म भरते. तू फार खरं लिहितेस.”

१२ मे, सोमवार

दुरुस्ती छापून आली! दीड पान. मिस्त्रींचं पूर्ण नाव. त्यांनी दोन प्रती मागितल्या — एक मुलीकडे, एक सुनेकडे, “नाहीतर भांडतील.”

सायटेशन शून्य. या शून्याकडे मी बराच वेळ पाहिलं. छान दिसतं.

१९ मे, सोमवार

त्या दुपारवाल्या बाईच्या जुन्या प्राध्यापकांचा पत्ता मिळाला होता, त्यांना लिहिलं होतं. आज त्यांचं उत्तर. तिनं प्रबंध पुरा केला नाही. सध्या एका कारखान्यात कृत्रिम हात दुरुस्त करते — अपघातात हात गेलेल्यांसाठीचे. पत्ता दिलाय.

पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पहिल्यात मी फार रडले होते, दुसऱ्यात फार समजावलं होतं, तिसऱ्यात क्षमेचे नऊ उल्लेख. शेवटी चार ओळी : तुम्ही विचारलं होतं ते बरोबर होतं. बोटं रोज सकाळी पुसली जात होती, मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. तुमच्या जुळणीत दोष नव्हता. सोबत दुरुस्ती जोडली आहे.

टाकलं.

३० मे, शुक्रवार

मिस्त्रींचा निरोप. सर बोलले, मी बोलले. मिस्त्री बोलायला उठले आणि म्हणाले, “हत्यारं पुसून ठेवत जा.” बसले. एवढंच भाषण. मग आपलं फडकं धुवून, पिळून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

२ जून, सोमवार

साडेआठला गेले. पुसलं. वहीत लिहिलं : ‘८.३५, स्पिरिट, तिन्ही बोटं.’ आकडा आज पाहिला नाही. आठवणच झाली नाही — हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

४ जून, बुधवार

तिचं उत्तर आलं.

‘मॅडम, तेव्हा एका दुपारी मी बोटं धुवून पाहिली होती. पकड परत आली होती. त्याचा तक्ताही निबंधात होता. पण तुमच्या निबंधात पुसण्याचा उल्लेख नव्हता, आणि तुम्ही जुळणी तपासायला सांगितलंत, म्हणून छापायला देताना तो तक्ता मी काढून टाकला. वही अजून आहे. इथे दुरुस्तीला आलेला प्रत्येक हात मी आधी पुसून घेते.’

सोबत वहीच्या पानाचा फोटो. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. दुपारी तीन वाजता, धुतल्यावर — ०.८५.

दुरुस्तीचीच दुरुस्ती लिहायला घेतली आहे. पहिलं नाव तिचं.